रस्ता कागदावर असतानाच गाठा : वाहतुकीचं नियोजन समजून घेण्यासाठी नागरिकांचा मार्गदर्शक

रस्त्यावर जेसीबी उभा राहिला की लोक जागे होतात. निवेदनं निघतात, शिष्टमंडळ जातं, व्हॉट्सॲपवर गट तयार होतो. तोवर रस्त्याची रुंदी, त्याचं वळण, पुलाची उंची, कुणाची किती गुंठे जमीन जाणार हे सगळं ठरून काही वर्षं झालेली असतात. ठेकेदाराच्या हातात कामाचा आदेश असतो. त्या वेळी साधी मोरी चार मीटर सरकवायची म्हटली तरी सुधारित अंदाजपत्रक लागतं आणि त्यावर सही करायला कुणी तयार नसतं.

म्हणून हा लेख जेसीबीच्या आधीच्या वर्षांबद्दल आहे. कोणत्या टप्प्यावर कोणता कागद निघतो, तो कुठे मिळतो, त्यात काय वाचायचं आणि कुठे तोंड उघडायचं, ते क्रमाने सांगतो. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, त्यातही पुणे आणि पश्चिम महाराष्ट्राकडची जास्त.

पहिली पायरी : रस्ता कोणाचा, ते आधी ठरवा

निम्म्या तक्रारी चुकीच्या कार्यालयात जातात आणि तिथेच मरतात. गावाबाहेरच्या रस्त्यावर किलोमीटरचा दगड शोधा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला रस्ता. पांढरा-काळा दगड बहुधा जिल्हा मार्गाचा असतो. दगड नसेल तर कामाचा फलक वाचा. त्यावर ‘रामा’, ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी अक्षरं दिसतील. ती अनुक्रमे राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची. पहिले दोन सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, नंतरचे दोन जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. फलकावर पुढे ‘सा.क्र. ३/२०० ते ५/६००’ असं असेल, तर तो साखळी क्रमांक आहे. रस्ता सुरू होतो तिथपासून ३ किलोमीटर २०० मीटरपासून ५ किलोमीटर ६०० मीटरपर्यंत काम मंजूर आहे, असा त्याचा अर्थ. हा आकडा तुमच्या अर्जात आला की समोरच्या अभियंत्याला ‘कुठला रस्ता?’ असं विचारायला जागा उरत नाही.

राष्ट्रीय महामार्गाच्या क्रमांकातूनही दिशा कळते. २०१० मध्ये नवे क्रमांक दिले गेले, तेव्हापासून उत्तर-दक्षिण महामार्गांना सम आणि पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम आकडे आहेत. मुंबई-पुणे-कोल्हापूर-बंगळूरचा जुना ४ क्रमांक आता ४८ झाला, कोकणातून गोव्याकडे जाणारा १७ आता ६६. तीन आकडी क्रमांक मुख्य महामार्गाच्या फाट्यांचे. पुणे-सोलापूर ६५, म्हणून आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग ९६५.

रस्त्यांची ही उतरंड मुळात आपल्याकडेच आखली गेली. १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरच्या करातला वाटा रस्त्यांसाठी बाजूला ठेवणारा केंद्रीय रस्ते निधी आला आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड काँग्रेस ही संस्था उभी राहिली. रस्ता कसा बांधावा याचे देशभरातले मानक आजही हीच संस्था काढते. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा पहिला रस्ते आराखडा तयार झाला. तो ‘नागपूर आराखडा’ म्हणूनच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची वर्गवारी तिथे पक्की झाली.

दुसरी पायरी : विकास आराखड्यात तुमचा रस्ता शोधा

शहरात सगळ्याचं मूळ विकास आराखडा, म्हणजे डीपी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तो होतो आणि किमान वीस वर्षांतून एकदा त्याची फेररचना करावी लागते. प्रत्यक्षात काळ लांबतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा, त्यानंतरचा मंजूर झाला तो २०१७ मध्ये. या मधल्या तीस वर्षांत शहर कुठल्या कुठे गेलं, आणि रस्त्यांच्या रेषा मात्र जुन्या नकाशावरच्याच राहिल्या.

महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात आपल्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. शुल्क भरून तो कुणालाही मिळतो. भाग नकाशावर प्रस्तावित रस्ते आणि त्यांची रुंदी दिसते : १२ मीटर, १८, २४, ३०. आपण घर घेत असू तर खरेदीखताच्या आधी हा कागद बघावाच. सोसायटीच्या समोरचं मैदान तुम्हाला मैदान वाटतं, नकाशात तिथून २४ मीटरचा रस्ता गेलेला असतो.

नकाशावर रस्ता आहे म्हणजे तो लवकर होईल असं नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आरक्षित रस्त्याची जागा मिळवायचे मुख्य मार्ग तीन : वाटाघाटीने खरेदी, जागेच्या बदल्यात चटईक्षेत्र (वाढीव बांधकामाची परवानगी) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि सक्तीचं भूसंपादन. पालिकेकडे रोख पैसा कमी असतो, म्हणून दुसरा मार्ग जास्त चालतो. तो मालकाच्या सोयीने चालतो. ज्याला इमारत बांधायची आहे तो आपल्या पुढची पट्टी देतो, शेजारच्या जुन्या बंगल्याचा मालक देत नाही. नव्या सोसायटीपुढे दोनशे मीटर ऐसपैस रस्ता आणि पुढे एकदम गाडी अडकेल असा गळा, हे दृश्य शहरभर दिसतं ते त्यामुळे. त्यावर नवा रस्ता मागण्याआधी राहिलेल्या तुकड्यांची यादी मागा. कोणत्या सर्व्हे नंबरची किती चौरस मीटर जागा ताब्यात आलेली नाही, हे पालिकेला माहीत असतं. पाच किलोमीटरच्या रस्त्यात अडलेले तुकडे अनेकदा चार-दोनच असतात.

आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं तेव्हा कलम २६ खाली हरकती व सूचना मागवल्या जातात. नागरिकाच्या हातातली सर्वांत मोठी संधी हीच. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची, मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. हजारो हरकती एकाच मजकुराच्या येतात आणि एकत्रच निकाली निघतात. तुमची वेगळी दिसायला हवी. ‘या रस्त्याला आमचा विरोध आहे’ यापेक्षा असं लिहा :

‘सर्व्हे नं. अमुकमधून प्रस्तावित १८ मीटर रस्ता नकाशात ओढ्याच्या पात्रावरून जातो. सोबत ओढ्याचे पावसाळ्यातील छायाचित्र व मोजणी नकाशा जोडला आहे. हा रस्ता पूर्वेकडे सुमारे ३० मीटर सरकवल्यास तो पालिकेच्याच मोकळ्या जागेतून जाईल व दोन्ही टोकांची जोडणी कायम राहील. तसा बदल करावा व सुनावणीची संधी द्यावी.’

यात जागा आहे, दोष आहे, पुरावा आहे आणि पर्यायही आहे. समितीला नाही म्हणायचं असेल तर कारण द्यावं लागतं. पोच घ्यायला विसरू नका, आवक क्रमांकासकट.

आराखडा मंजूर झाल्यावरही दोन दरवाजे उघडे राहतात आणि तिथून बरंच काही आत-बाहेर होतं. एक कलम ३७, ज्याखाली किरकोळ फेरबदल होतात; त्यासाठीही हरकती मागवाव्या लागतात. दुसरा महापालिका अधिनियमाचं कलम २१०, ज्याखाली आयुक्त रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे रस्त्याची हद्द कुठवर ते, ठरवतात. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही, हे लक्षात घेतलं की वाहतुकीसाठी म्हणून आलेल्या प्रस्तावाचा बांधकामाशी काय संबंध, ते उलगडतं. रुंदीकरणाचा कुठलाही प्रस्ताव वाचताना हा प्रश्न मनात ठेवावा.

गावाकडे हीच भूमिका प्रादेशिक आराखड्याची. तोही लोक हलवू शकतात. गोव्यात २००६ मध्ये अधिसूचित झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ जनआंदोलनामुळे पुढच्याच वर्षी सरकारला मागे घ्यावा लागला.

तिसरी पायरी : मोजणी वाचा, आणि स्वतःही मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि लोक नेमकी हीच सोडून देतात. ‘खूप ट्रॅफिक असतं’ या वाक्याला नियोजनात किंमत नाही. तिथे चालतो तो पीसीयू, म्हणजे प्रत्येक वाहन किती कारइतकी जागा अडवतं त्याचा आकडा. इंडियन रोड काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या मानकात कार १, दुचाकी ०.५, रिक्षा १, बस किंवा ट्रक ३, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८ धरली आहे. शहरी रस्त्यांचे आकडे वाहनांच्या प्रमाणानुसार थोडे बदलतात, पण ढोबळ हिशेबाला हेच पुरतात.

आता कामाच्या दिवशी सकाळी ९ ते १० चौकाजवळ चौघांनी उभं राहा. एकाने दुचाकी मोजायच्या, दुसऱ्याने कार आणि रिक्षा, तिसऱ्याने बस, ट्रक, टेम्पो. चौथ्याने पायी रस्ता ओलांडणारे. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे चार रकाने करा आणि पाचाच्या गठ्ठ्याने रेघा ओढा. समजा एका दिशेने तासाभरात १२०० दुचाकी, ४०० कार, १५० रिक्षा आणि ३० बस गेल्या. पीसीयू झाले ६०० + ४०० + १५० + ९०, म्हणजे १२४०. सल्लागाराच्या अहवालात असाच एक आकडा असेल आणि त्याखाली रस्त्याची क्षमता.

इथे थांबू नका. आता त्याच वाहनांतली माणसं मोजा. दुचाकीवर सरासरी सव्वा, कारमध्ये दीड, रिक्षात दोन प्रवासी आणि बसमध्ये ४५ धरले, तर १५०० + ६०० + ३०० + १३५० म्हणजे ३७५० माणसं झाली. त्या तासात बसने रस्त्याची जेमतेम सात टक्के जागा घेतली आणि छत्तीस टक्के माणसं नेली. कारने बत्तीस टक्के जागा घेऊन सोळा टक्के माणसं नेली. उदाहरण मनचं आहे, पण तुमच्या चौकात मोजा, चित्र फार वेगळं निघणार नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला केंद्रस्थानी ठेवायला सांगितलं आहे. तरी अहवालांचे तक्ते अजून वाहनांचेच असतात. माणसांचा रकाना तुम्ही जोडा आणि सुनावणीत ठेवा.

क्षमतेचाही आकडा नीट पाहा. शहरी रस्त्यांच्या मानकात दुपदरी, दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याची क्षमता तासाला १५०० पीसीयू दिली आहे. पण ती रस्त्यावर वाहनं उभी नसतील, दुकानांच्या दारातून गाड्या आत-बाहेर करत नसतील आणि आडवी वाहतूक अगदी थोडी असेल तेव्हा. कडेला पार्किंग, दुकानं आणि सतत आडवी ये-जा असेल तर त्याच दुपदरी रस्त्याला ९०० धरतात. रुंदी तीच, क्षमता चाळीस टक्क्यांनी कमी. म्हणजे रुंदीकरणात एकही भिंत पाडण्याआधी पार्किंगची शिस्त आणि नीट आखलेला रिक्षाथांबा यांतून किती मिळेल, हा हिशेब मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. रुंद झालेला रस्ता नवी वाहनं ओढून घेतो आणि काही वर्षांत पुन्हा भरतो, हे जगभरच्या शहरांनी अनुभवलं आहे.

मोजणी कधी केली, हेही विचारा. मोठ्या रस्त्यांच्या अहवालासाठी सात दिवस, चोवीस तासांची मोजणी करतात. ती जूनमध्ये झाली असेल तर पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्याचं खरं चित्र त्यात येणारच नाही. गाळप हंगामात त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या चालतात. एक ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे साडेचार कारची जागा, बैलगाडी म्हणजे आठ. फॅक्टरीच्या वाटेवर कडेला पुरेसा पट्टा आणि वजनकाट्यापाशी थांबायला जागा हवी असेल, तर मोजणी हंगामात झाली पाहिजे.

चालणाऱ्यांची मोजणी बहुतेक अहवालांत कोपऱ्यात पडलेली असते. मानक सांगतं की पदपथावर किमान १.८ मीटर सलग, मोकळी चालायची जागा हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. टेप घेऊन जा. विजेची डीपी, झाडाचा कट्टा आणि पाटी सोडून काय उरतं ते मोजा. गुडघे दुखणारी आजी ज्या पदपथावर चढू शकत नाही, ती रस्त्यावरूनच चालणार.

चौथी पायरी : प्रकल्प अहवालात काय पाहायचं

मोठ्या कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, शेकडो पानांचा असतो. सगळा वाचायची गरज नाही. तो संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. शिवाय दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत शासकीय कार्यालयांतले अभिलेख अर्जाविना पाहू देण्याचा शासन निर्णय आहे, त्याचा उपयोग करा.

आधी पर्यायांचं प्रकरण उघडा. कोणते मार्ग, कोणते उपाय तपासले आणि का नाकारले? २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास सक्तीचा केला आहे आणि प्रकल्पाचा आर्थिक परतावा किमान १४ टक्के असावा अशी अट घातली आहे. या परताव्यात वाचलेला वेळ, इंधन आणि टळलेले अपघात पैशात मोजलेले असतात. म्हणून सगळा डोलारा प्रवासीसंख्येच्या अंदाजावर उभा असतो. पहिल्या वर्षाचा अंदाज किती, आणि स्थानकापर्यंत लोक कसे येणार असं त्यात धरलं आहे, ही दोन पानं शोधा. पूरक बससेवा धरली असेल तर ती कोण चालवणार, हेही तिथेच लिहिलेलं असायला हवं.

मग शेजारच्या प्रकल्पांशी जोडणी पाहा. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर या २३.३ किलोमीटरच्या मेट्रोला त्या पुलांमुळे जागा उरत नव्हती. तिथे नंतर वर मेट्रो आणि खाली वाहनं असा दुमजली पूल आखला गेला. पूल बांधला तेव्हा पुढच्या वीस वर्षांत या चौकातून आणखी काय जाणार, हा प्रश्न कागदावर सुटलेला असता तर एवढी तोडफोड झाली नसती. उड्डाणपुलाचा प्रस्ताव आला की मी म्हणूनच आधी विचारतो, पुढच्या चौकाचं काय? एका चौकातली कोंडी उचलून पुढच्या चौकात ठेवली तर प्रवासाचा वेळ वाचत नाही.

तिसरी गोष्ट पाणी. मातीचा उंच भराव टाकून रस्ता नेला की तो पुराच्या वाटेत आडवा पडतो. कोल्हापूरजवळ शिरोलीला २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली, आणि भरावाऐवजी खांबांवरच्या पुलाची मागणी तेव्हापासून जोर धरून आहे. तुमच्या गावापाशी किती मोऱ्या धरल्या आहेत, पाईप मोरी की स्लॅबची, आणि पूररेषा कोणत्या वर्षाची घेतली आहे, हे तपासा. गावातल्या वयस्क माणसांना २००५ किंवा २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते ठाऊक असतं. देवळाच्या पायरीवरची, शाळेच्या भिंतीवरची ती खूण मोजून लेखी द्या. अभियंत्याला ती माहिती हवीच असते.

पाचवी पायरी : जमीन जात असेल तर तारखा पाळा

राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली संपादन होतं. कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सांगणारी, अधिसूचना राजपत्रात आणि दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तिथून २१ दिवसांत लेखी हरकत द्यायची. ३ए नंतर वर्षभरात कलम ३डी ची, म्हणजे संपादनाची, घोषणा निघावी लागते, नाहीतर आधीची अधिसूचना रद्द होते. ३डी निघाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते आणि मग वाद उरतो तो मोबदल्याचा. तो लवादापुढे चालतो. म्हणजे मार्ग बदलावा असं म्हणायचं असेल तर ते २१ दिवसच तुमचे. आपला गट नंबर यादीत आला का, हे घरातल्या शिकलेल्या मुलाकडून आठवड्याला तपासून घ्या.

संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. विहीर, बोअर, पाईपलाईन, ठिबक, गोठा, प्रत्येक फळझाड मोजणी पत्रकात चढलं का ते बघा, फोटो काढा, आणि पत्रक वाचल्याशिवाय सही करू नका. राहिलेलं आंब्याचं झाड नंतर पत्रकात चढवून घ्यायला वर्षं जातात. उरलेल्या तुकड्याला वाट राहते का, पाण्याचा पाट तुटतो का, हेही तिथेच नोंदवून घ्या.

शहरातल्या आरक्षणाचा नियम वेगळा. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. नागरिकांच्या बाजूने याचा अर्थ असा की शाळेकडे जाणारा रस्ता पालिकेच्या दिरंगाईने नकाशावरून पुसला जाऊ शकतो. कोणकोणत्या आरक्षणांवर अशा सूचना आल्या आहेत, ते वर्षातून एकदा विचारत राहा.

सहावी पायरी : जनसुनावणी, निविदा आणि नंतरची वर्षं

मोठ्या महामार्गांना पर्यावरण मंजुरी लागते. २००६ च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ किमान ३० दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घेतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. अहवालाचा मराठी सारांश आधीच पाहायला ठेवावा लागतो. बोलाल ते लेखी पण द्या, आणि इतिवृत्तात तुमचा मुद्दा आला का ते बघा.

निविदा महाराष्ट्र शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तिथून तीन गोष्टी उतरवून घ्या : कामाची मुदत, थरांची जाडी आणि दोष दायित्व कालावधी. हा कालावधी संपेपर्यंत खड्डा पडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने बुजवायचा असतो. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत तर पाच वर्षांची देखभाल करारातच असते आणि तसा फलक रस्त्याच्या तोंडाशी लावलेला असतो. फलक पडला असेल तर त्याचीच तक्रार आधी करा.

खड्ड्याची तक्रार करताना साखळी क्रमांक, तारीख असलेला फोटो, कामाचं नाव आणि कालावधी संपण्याची तारीख द्या. ती तारीख माहीत नसेल तर दहा रुपयांच्या माहिती अर्जात एवढंच मागा : कामाचा आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोष दायित्व कालावधीची अखेरची तारीख आणि त्या काळात ठेकेदाराला दिलेल्या दुरुस्तीच्या नोटिसांच्या प्रती. उत्तराला ३० दिवस आहेत. कालावधी संपायला दोन महिने उरले असतील तर अर्ज आजच टाका, कारण शेवटच्या महिन्यात निघालेली नोटीसही ठेकेदारावर बंधनकारक असते.